मिळू शकेल

दुर्गाबाईंना चूक दिसली की आधी राग यायचा आणि मग ती चूक दुरुस्त व्हायची. बत्तीस वर्षं हाच क्रम. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत बापूरावांचा छापखाना, आणि छापखान्यात खिडकीपाशी टेबल टाकून, लाल पेन घेऊन बसलेल्या दुर्गाबाई. छपाईचे खिळे गेले, कॉम्प्युटर आले, पण प्रुफं तपासायला बाईच. एखाद्या लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' दिसला, की पत्रिका छापायला आलेल्या वरबापालाच सुनवायच्या, "शब्द धड लिहिता येईना आणि सातशे पानं जेवायला बोलावताय!" बापूराव आतून ओरडायचे, "बाई, गिऱ्हाईक आहे ते!" बाईंचं उत्तर ठरलेलं, "मग मी कुठं म्हटलं चोर आहे?"

तर सन दोन हजार सहाच्या जुलैत, एका मंगळवारी सकाळी, ज्ञानदेव त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हा ज्ञानदेव छापखान्यात बाइंडिंग करायचा. यवतमाळकडचा माणूस, अठरा वर्षांपूर्वी बायको आणि तान्ही पोर घेऊन पुण्यात आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बोटांना खळ लागलेली, म्हणून त्यानं कागद कोपऱ्याला धरला होता.

"बाई, हे जरा वाचून सांगा. पोरगी सकाळपासून जेवली नाही. मले काही उमजून नाही राहिलं."

पत्र त्याची मुलगी भाग्यश्री हिच्या कॉलेजचं. मांजरीकडे, जिथं परवा-परवापर्यंत ऊस होता तिथं आता काचेची इमारत उभी राहिली होती, ते इंजिनिअरिंगचं कॉलेज. भाग्यश्री तिथं पहिलं वर्ष पास होऊन दुसऱ्यात जायची होती. पत्रात लिहिलं होतं, की तिचा अर्ध्या फीच्या शासकीय शुल्क-सवलतीचा प्रस्ताव 'अपात्र' म्हणून परत आला आहे. सबब गेल्या वर्षीची राहिलेली अर्धी फी आणि या वर्षीची पूर्ण फी शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत भरावी, अन्यथा नाव कमी करण्यात येईल.

"अपात्र? का म्हणून?" बाई कडाडल्या. "दाखले दिले होते ना तुम्ही?"

"सगळे देल्ले. भाग्यश्री गेली होती विचाराले. ते म्हणतात, सरकारी फेरीतून जो येईल त्यालेच सवलत हाय. कॉलेजनं आपल्या पातळीवर भरलेल्या जागेले नाही. नियमच हाय म्हणे, पयल्यापासून."

पहिल्यापासून! बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. कारण गेल्या वर्षी याच टेबलापाशी भाग्यश्री उभी होती. सरकारी फेरीत तिला नगरच्या कॉलेजात जागा लागली होती. सवलत पक्की, पण राहायचं-खायचं कुठून आणायचं? मांजरीचं कॉलेज बसच्या टप्प्यात. तिथला माणूस म्हणाला, नगरची जागा सोड, इथं संस्थेच्या कोट्यातून लगेच देतो, सवलत काय, तीच. पोरगी हुशार. तिनं तोंडी शब्दावर विश्वास ठेवला नाही, माहितीपुस्तिका पाहिली. आणि ती पुस्तिका छापली होती बापूरावांनी, शिवली होती तिच्या बापानं आणि वाचली होती दुर्गाबाईंनी.

"काकू, हे खरं असेल ना?" तिनं विचारलं होतं.

आणि दुर्गाबाई काय म्हणाल्या होत्या? म्हणाल्या होत्या, "मी अक्षर न् अक्षर वाचलंय त्यातलं. स्पष्ट लिहिलंय. घे प्रवेश."

त्यांनी कपाटातून पुस्तिका काढली. पान अकरा, शेवटची ओळ. 'संस्थास्तरावर प्रवेश घेतलेल्या पात्र विद्यार्थ्यांना शासनाची शुल्क-सवलत मिळेल.' मिळेल. यापेक्षा स्पष्ट मराठी ती कुठली? पण बाई त्या 'मिळेल'कडे बघतच राहिल्या. मग उठल्या, शिडी लावली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पदर खोचून माळ्यावर चढल्या. सही होऊन आलेली जुनी प्रुफं बापूराव तिथं गठ्ठे बांधून ठेवत.

अर्ध्या तासानं धुळीनं माखून खाली आल्या, तेव्हा चेहरा उतरला होता. प्रुफावर मूळ ओळ होती: 'शुल्क-सवलत मिळू शकेल.' त्यातला 'शकेल' एकटाच पान बारावर जाऊन पडला होता. एक शब्द पुढच्या पानाच्या डोक्यावर, हे बाईंच्या डोळ्यांना कधीच चालत नसे. शिवाय 'पात्र' म्हटल्यावर पुन्हा 'शकेल' कशाला? जो पात्र त्याला मिळेल, नाही त्याला नाही मिळणार. त्यांनी 'मिळू शकेल' वर लाल रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'मिळेल'. ओळ पानावर बसली. पान सुंदर झालं. त्या दिवशी त्यांना स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, मेलं!

प्रुफाच्या तळाशी निळ्या शाईत 'छापावे' आणि खाली सही होती. सही संस्थेचे सचिव दिग्विजयराव यांची.

संध्याकाळी बाई ज्ञानदेवाच्या खोलीवर गेल्या. भाग्यश्री भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. बाईंनी चहा नको म्हटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. लपवायची सवयच नव्हती.

"एका शब्दानं काय होते, बाई?" ज्ञानदेव बिचारा त्यांनाच धीर द्यायला लागला. "मनाले लावून घेऊ नका."

पण भाग्यश्री उठून उभी राहिली. "होतं ना, बाबा! काकू, 'मिळू शकेल' असतं ना, तर मी विचारलं असतं. कधी मिळू शकेल, कुणाला मिळू शकेल, रूल काय आहे. 'मिळेल' वाचलं म्हणून नाही विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, अक्षर न् अक्षर वाचलंय. मी नगरची सीट कॅन्सल केली हो! मेरिटची सीट होती माझी!"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची चूक काढली होती आणि ती खरी होती. घरी जाताना रस्ताभर त्या स्वतःला शिव्या देत होत्या. आणि मग, बसस्टॉपवर, त्यांना दुसरी गोष्ट दिसली. हलकटांनो, तुम्हाला नियम ठाऊक होता! संस्थेच्या कोट्यातला एकही मुलगा पात्र होऊच शकत नाही हे ठाऊक असताना तुम्ही 'पात्र विद्यार्थ्यांना मिळू शकेल' लिहिलंत. अंगाशी आलं तर निसटायला 'शकेल' ठेवलात. आणि मी शहाणी, तुमचं खोटं घासूनपुसून लख्ख करून दिलं. बाई इतक्या जोरात "नालायक!" म्हणाल्या, की शेजारचा माणूस दोन पावलं सरकला.

बुधवारी सकाळी त्यांनी बापूरावांना प्रूफ दाखवलं आणि सांगितलं, की मी हे घेऊन कॉलेजात जातेय. बापूरावांचा चहा हातातच राहिला.

"दुर्गाबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? उत्तरपत्रिका त्यांच्या, पावतीपुस्तकं त्यांची. वर्षाचं निम्मं काम तिथून येतं. यंदाची पुस्तिकाही आपणच छापली आहे."

"तीच ओळ आहे त्यातही. फक्त कव्हर बदललंय. मी बघितलं नाही, कारण तुम्ही म्हणालात, जुनंच मॅटर आहे, परत वाचायला नको."

"ज्ञानदेवाला मी काही उचल देतो. पण ते प्रूफ इथंच राहू दे."

"उचल द्यायला त्यानं काय चूक केलीय? चूक मी केली आणि लबाडी त्यांनी केली. त्यात ज्ञानदेव कुठं येतो?" असं म्हणून त्यांनी प्रूफ घडी न घालता फायलीत ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.

कॉलेजच्या फाटकापासूनच रांग होती. पहिल्या वर्षाचे प्रवेश चालू होते. आईबाप हातात नवी पुस्तिका घेऊन घाम पुसत उभे. आत सूचनाफलक होता, काचेचा, कुलूपबंद. त्यात मोठमोठ्या आयटी कंपन्यांचे फलक आणि टाय घातलेल्या हसऱ्या पोरांचे फोटो. सवलतीच्या नियमाचं एक चिटोरंही नव्हतं. बाईंनी खिडकीवर विचारलं, "सवलत कुणाला मिळते, त्याचं परिपत्रक कुठं लावलंय?"

"वेबसाइटवर आहे, मॅडम."

"दाखवा."

खिडकीतल्या मुलानं कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक टोपीवाला कामगार फावडं हलवत होता आणि खाली लिहिलं होतं, काम चालू आहे.

"वर्षभर खणतोय वाटतं हा?" बाई म्हणाल्या. मुलगा हसला आणि मग घाबरून त्यानं हसू गिळलं.

दिग्विजयराव तासाभरानं भेटले. पन्नाशीचे, पांढरे बूट, टेबलावर दोन मोबाइल. बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग पुस्तिकेचं शेवटचं पान उघडून त्यांच्याकडे सरकवलं. 'छपाईतील चुकांस संस्था जबाबदार राहणार नाही.'

"हे वाचलंच असेल आपण."

"वाचलंय. मीच तपासलंय."

"झालं तर मग. छपाईची चूक आहे."

छपाईची चूक! बत्तीस वर्षांत बाईंच्या तोंडावर हे शब्द कुणी उच्चारले नव्हते. त्यांनी प्रूफ टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही. दिग्विजयरावांनी चष्मा लावला.

"ही लाल शाई कुणाची?"

"माझी."

"म्हणजे आमचं वाक्य बरोबर होतं, आपण बदललंत. मग चूक आपली नाही का, बाई?"

"माझीच. म्हणून तर आलेय. आणि खालची निळी सही आपली. मी बदलून गपचूप छापलं नाही, आपल्यापुढं ठेवलं. आपण 'छापावे' म्हणालात."

"मी काय एकेक शब्द वाचत बसतो का?"

"नाही वाचत, ते कळलंच. पण तिकडं फाटकाबाहेर आईबाप एकेक शब्द वाचतायत. आपलं मूळ वाक्य तरी कुठं बरोबर होतं? संस्थेच्या कोट्यातल्या किती मुलांना आजवर सवलत मिळाली? एकाचं नाव सांगा."

दिग्विजयरावांनी चष्मा काढला. "पुस्तिका ही माहितीसाठी असते. तो काही करार नसतो."

"मग माहिती तरी खरी द्या!"

"बाई, मी आपल्या वयाकडे बघून ऐकतोय. सवलत सरकार देतं, मी नाही. त्या मुलीला शुक्रवारपर्यंत भरायला सांगा. बाहेर लोक थांबलेत."

बाई प्रूफ परत फायलीत घालून बाहेर आल्या. फाटकापाशी वॉचमन संपत खुर्चीवर बसला होता. म्हातारा, गावातलाच. कॉलेजची सुरुवातीची चार एकरं त्याच्या भावकीची. तो म्हणाला, "काय वो बाई, घाम फुटलाय. पानी हाय, घ्या." बाई पाणी प्यायल्या आणि सोड्याच्या बाटल्यांचा एक रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर टेकल्या. शेजारी रांगेत एक बाई पुस्तिका चाळत उभी होती. नवऱ्याला सांगत होती, "बघा, सवलत मिळेल म्हणून छापलंय. मग काय, भरू या."

दुर्गाबाईंनी हात पुढे केला. "बघू ती पुस्तिका."

त्यांनी पान अकरा काढलं, 'मिळेल' वर लाल रेघ मारली, समासात स्वच्छ अक्षरात 'मिळत नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. "ही ओळ मी तपासली होती. चुकीची आहे. आत जाऊन विचारा, कोट्यातल्या एका तरी मुलाला सवलत मिळालीय का. नाव विचारा, नाव."

ते जोडपं आत गेलं आणि दहा मिनिटांनी तणतणत बाहेर आलं. मग मागच्या माणसानं पुस्तिका पुढे केली. मग त्याच्या मागच्यानं. दुपारपर्यंत क्रेटभोवती घोळका झाला. आतून एकजण आला आणि संपतला म्हणाला, हिला उठव. संपत म्हणाला, "रस्ता पंचायतीचा हाय, साहेब. फाटकाच्या आतली बात असंल तर सांगा."

गुरुवारीही बाई आल्या. पेनाच्या दोन नव्या कांड्या आणि घरून चपातीभाजी घेऊन. भाग्यश्रीही आली. मंगळवारपासून ती बाईंशी बोलली नव्हती, आजही न बोलता शेजारी उभी राहिली आणि लोकांना आपलं पत्र दाखवायला लागली. "माझं बघा. मी टॉपर होते, तरी हे आलं." दुपारी बाईंचा मोबाइल वाजला. बापूराव होते. कॉलेजनं सगळं काम काढून घेतलं होतं. "बत्तीस वर्षांची ओळख आहे, म्हणून जास्त बोलत नाही," ते म्हणाले. "पण उद्यापासून येऊ नका." बाई म्हणाल्या, "बरं." फोन ठेवला, आणि बराच वेळ त्यांना समोरच्या पुस्तिकेवरची अक्षरं दिसेनात. मग पदरानं डोळे पुसले आणि समोरच्या माणसावर खेकसल्या, "पान काढून द्या की! पुस्तक काय डोक्यावर मारू?"

शुक्रवारी दुपारी दोन वाजता बोलावणं आलं. ज्ञानदेवही सुट्टी टाकून, अर्ध्या फीचे पैसे घेऊन आला होता. तिघं आत गेले. दिग्विजयरावांनी या वेळी पाणी मागवलं नाही.

"कोट्यातल्या जागा रिकाम्या राहायला लागल्यात," ते म्हणाले. "मला हा तमाशा संपवायचा आहे. या मुलीची गेल्या वर्षीची राहिलेली अर्धी आणि पुढच्या तीन वर्षांची अर्धी फी संस्था माफ करतेय. एकटीची. हे पत्र. आणि हे आपलं हमीपत्र, बाई. सही करायची आणि घरी जायचं."

ज्ञानदेव हात जोडून खालीच वाकला. "लय उपकार झाले, साहेब."

"उठा!" बाई त्याच्यावर इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "कसले उपकार? फसवलं ते फसवलं, वर पाया पडून घेतात! उठा आधी."

त्यांनी माफीचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तारीख घालून घेतली, जावक क्रमांक घालून घेतला, सहीखाली शिक्का मारून घेतला. मग भाग्यश्रीच्या हातात देऊन म्हणाल्या, "खिडकीवर जा. आपली अर्धी फी भर, दुसऱ्या वर्षाचा प्रवेश कर, पावती घे, ओळखपत्र घे. ते घेऊन आलीस की मी सही करते. तोवर मी इथंच आहे." दिग्विजयराव काही बोलणार होते, पण बाईंनी फाइल मांडीवर घेऊन डोळे मिटले.

पाऊण तासानं भाग्यश्री आली. गळ्यात नवं ओळखपत्र होतं. पत्र आल्यापासून पहिल्यांदाच ती नीट श्वास घेत होती.

मग बाईंनी हमीपत्र पुढं ओढलं. दोनच ओळी होत्या, घाईत टाइप केलेल्या. 'मी यापुढे महाविद्यालयाच्या फाटकासमोर बसून पालकांमध्ये गैरसमज पसरवणार नाही. भंग झाल्यास माझ्यावर कायदेशीर कारवाई करता येईल.' बाईंनी वाचलं. लाल पेन आपोआप हातात आलं. ते त्यांनी परत फायलीत ठेवलं.

"काही दुरुस्ती?" दिग्विजयरावांनी टोमणा मारला.

"छे," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर आहे." आणि निळ्या पेनानं सही केली. एकही वाक्य असं जसंच्या तसं सोडून द्यायची त्यांच्यावर बत्तीस वर्षांत पाळी आली नव्हती.

फाटकाबाहेर रांग होतीच. क्रेटपाशी दहा-बारा माणसं ताटकळत होती. एक लुगडं नेसलेली बाई पुढं झाली, बरोबर मुलगी, हातात कोरी पुस्तिका. "बाई, आमचं ऱ्हायलं की वो. तुमी चाललाव?"

दुर्गाबाईंनी क्रेट उचलला आणि संपतच्या हातात दिला. "हा ठेवून द्या आत."

"दमलाव व्हय?" संपतनं विचारलं.

"दमायला काय झालंय? मी आत्ताच लिहून दिलंय, फाटकासमोर बसून गैरसमज पसरवणार नाही म्हणून." बाई रांगेच्या तोंडाशी ताठ उभ्या राहिल्या. "तर बसत नाही. आणि गैरसमज तर मी कधीच पसरवला नाही."

आणि त्यांनी त्या बाईच्या हातातली पुस्तिका घेतली.